ती बोट की ते बोट

९ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर दिसलं असतं, तर तू हे पत्र न फोडताच टोपलीत टाकलं असतंस. पण तुझं टपाल आता वहिनी फोडतात असं पुतणीने फोनवर सांगितलं, म्हणून लिहायचा धीर केला. वहिनी, हे मोठ्याने वाचा. जिथे माझ्यावर रागवावंसं वाटेल तिथे मनातल्या मनात रागवा, वाचन थांबवू नका.

पुतणी म्हणाली, "काका, बाबांची उजवी बाजू गेली होती, ती जराजरा येतेय. चाकाच्या खुर्चीत बसवतो आम्ही त्यांना. समजतं सगळं. पण बोलायला जातात आणि भलतंच निघतं, नाहीतर निघतच नाही." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. शाळेत कविता म्हणायला उठलास की तुझा आवाज शेजारच्या वर्गापर्यंत जायचा. कवितेशी तुझं देणंघेणं नव्हतं, पण मास्तर खडू खाली ठेवून ऐकायचे. मला कविता कळायची आणि माझा आवाज घशातच राहायचा. देवाने वाटणी नीट केली नव्हती, पण दोघांत मिळून एक बरा विद्यार्थी होत होता.

असो. पत्र कामाचं आहे.

माळा आवरताना तुझा साचा सापडला, रिमोटवरच्या शर्यतीच्या त्या लांब नाकाच्या छोट्या बोटीचा. वर धुळीचा थर होता, आत अजून मेणाची झिलई आहे. ह्या साच्यातून एक कवच काढू का? आणि त्यात विजेची मोटर बसवू का? साचा तुझा, तेव्हा विचारणं आलं.

क्लबात तळ्यावरची इंजिनं बंद करायचा ठराव आला, तेव्हा मी हात वर केला. तू माझ्या शेजारच्याच खुर्चीत होतास. पाण्यावर तेलाचा तवंग यायचा, बदकं तळं सोडून गेली होती. आज ठराव आला तरी मी हात वर करीन. माफी मागायला मी लिहीत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे तुला ऐकणं सोपं जाईल. तू उठलास, म्हणालास, "बिनआवाजाची बोट? त्यापेक्षा घरी बसून मिक्सर चालवा!" आणि सगळ्या बोटींवर पाणी सोडून, खालच्या तुझ्या खोल्यांना कुलूप लावून, लेकीच्या गावी निघून गेलास. माझ्या मुलीच्या लग्नाला वहिनी एकट्या आल्या. लोकांनी विचारलं, मी म्हणालो, तब्येत बरी नाही. तेव्हा ते खोटं होतं.

होकार असेल तर मान हलव. नकार कसा द्यायचा हे तुला शिकवायला नको.

तुझा
धाकटा


२७ जानेवारी

दादा,

वहिनींचं कार्ड आलं. लिहितात, "वाचून दाखवलं. मान हलली नाही. भिंतीकडे तोंड केलं. पण भाऊजी, हे जेवण झाल्यावरही भिंतीकडेच तोंड करतात, तेव्हा त्यावरून काही ठरवू नका."

मी काहीच ठरवलं नाही. नुसतं कवच काढलं. कवच काढणं म्हणजे मोटर बसवणं नव्हे.

साच्याला मेण लावलं, पुसलं, पुन्हा लावलं, तू करायचास तसं, कोपरापासून हात फिरवत. मग काचेच्या धाग्यांचं कापड आणि चिकट रेझिन, थरावर थर. ब्रशने हवेचे बुडबुडे टिपून काढताना पाठ भरून आली. तुझी भावजय नाकाला रुमाल लावून दारात उभी. म्हणाली, "तो डबा स्वयंपाकघरातून हलवा. काल भाजीला वास येत होता."

मी म्हटलं, "कवितेत ह्याला दरवळ म्हणतात."

"मग कविताच जेवा."

तरी उन्हात वाळायला ठेवलेल्या साच्यावर मांजर चढू नये म्हणून राखण बसली तीच.

दुसऱ्या दिवशी कडेने लाकडी पाचर घातली आणि हळूहळू दाबत गेलो. टक् असा आवाज आला आणि कवच सुटलं. दादा, इतकं हलकं की हातात काही आहे असं वाटेना. उलटं करून उजेडात धरलं, तर डाव्या बाजूला मागे तो वण! साचा कोरताना तुझी पटाशी घसरली होती, तिची रेघ ह्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक बोटीच्या पोटावर उमटते. शर्यतीचं शास्त्र म्हणतं, असा उंचवटा घासून काढा, पाणी अडतं. मी पॉलिश पेपर हातात घेतला, आणि खाली ठेवला.

अजून तू नाही म्हणू शकतोस. कवच नुसतंच शेल्फावर ठेवता येतं. फुलदाणीसारखं.

तुझा
धाकटा


१८ फेब्रुवारी

दादा,

मोटर आणली. बसवली नाही, नुसती आत ठेवून पाहिली. मुठीत मावेल एवढी आहे, आणि म्हणे तुझ्या इंजिनाच्या दुप्पट जोर. नुसती ठेवलेली मोटर घरंगळते, म्हणून स्क्रू लावले. स्क्रू लावल्यावर दांड्यासाठी मागून भोक पाडणं आलंच. भोक पाडताना ड्रिल दोनदा अडकलं. ड्रिलच जुनं आहे.

आता तुला खोटं कशाला सांगू, ती बसली आहे. तिला गार ठेवायला सुकाणूमागून तळ्याचं पाणी आत घेणारी नळी टाकली, नाकात फोम भरला, म्हणजे उलटली तरी बुडायची नाही. बॅटऱ्या पुढेमागे सरकवत बोट दोन बोटांवर तोलली. वहिनी, हे वाक्य वाचताना हसू नका, तोल असाच पाहतात. डाव्या-उजव्या हाताचं एकेक बोट खाली धरायचं आणि जिथे ती आडवी राहील तिथे खूण करायची.

एक मात्र चुकलं. मोटरपासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा हा पीळ दिलेल्या तारेचा असतो. ताण आला की पीळ घट्ट होतो आणि तार आखूड होते. म्हणून पंख्याच्या पुढे बारीकशी फट सोडावी लागते. मी सगळं घट्ट बसवलं. माझ्या मते सुबक. न्हाणीघरातल्या टबात बोट धरून चालवली तर मोटर कण्हली आणि थांबली. ताण सोसायला जागाच नव्हती. मास्तर नाही का म्हणायचे, ओळीत यती असतो, तिथे श्वास घ्या, नाहीतर वृत्त तुमचा जीव घेईल? मी कविता शिकलो आणि यती विसरलो. आता फट ठेवली आहे. नखाएवढी, पण ठेवली आहे.

आणि आता मुख्य बातमी. बॅटरी जोडली की मोटर गाते! चालण्याआधी, जाग आल्याची खूण म्हणून. टि, टि, टीं. दोन आखूड, एक लांब. मी पुन्हा जोडली, पुन्हा तेच. लघु, लघु, गुरू. दादा, हा तर स गण! गण पाठ व्हावेत म्हणून मास्तरांनी आपल्याकडून घोकून घेतलेलं ते सूत्र आठवतं का, यमाताराजभानसलगं? त्यातला स गण. तू मिक्सर म्हणालास तिला, ती वृत्तात बोलते.

तुझी भावजय म्हणते, एवढा आनंद तुम्हाला आपलं लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता. मी म्हटलं, तेव्हा बोलणी वडीलधाऱ्यांनी केली होती.

एक शब्द पाठव. कसलाही.

तुझा
धाकटा


७ मार्च

दादा,

वहिनींचं पत्र उशाशी घेऊन बसलो आहे. तुला त्यातलं सगळं ठाऊकच आहे, तरी त्यांचंच वाक्य त्यांनाच वाचायला लावतो.

"भाऊजी, तुमची पत्रं वाचून वाचून मी दांडा, पीळ, फट सगळं शिकले, आता कारखान्यात नोकरी तेवढी राहिलीय. पण ते सूत्र काही जिभेवर येईना. 'यमाता' म्हटलं आणि अडले. तर ह्यांनी पुढचं सगळं म्हणून टाकलं. राजभानसलगं. स्वच्छ! मी पुन्हा 'यमाता' म्हटलं, पुन्हा तेच. ह्यांना पाणी मागता येत नाही, माझं नाव आठवत नाही, आणि हे 'राजभानसलगं'! मी रडावं की चिडावं, सांगा. व्यायाम घ्यायला येणारी बाई म्हणाली, पाठ केलेलं वेगळ्या कप्प्यात असतं, म्हणत राहा. आता आम्ही नवराबायको सकाळी उठून हेच म्हणतो. आजूबाजूचे काय समजत असतील देव जाणे."

वहिनी, मी रडलो. चिडायचं काम तुमच्याकडे ठेवतो.

आणि पुढे तुम्ही लिहिता, "त्याच दिवसापासून दोन शब्द स्वतःचे बोलतात. 'बोट सोड.' मी त्यांच्या उजव्या हाताचं एकेक बोट उघडायचा व्यायाम घेत होते. दुखलं असेल म्हणून सोडलं. तर चिडले, पुन्हा 'बोट सोड'! आता मी हाताला हातसुद्धा लावत नाही, लांब बसते, तरी दिवसातून दहादा 'बोट सोड'. सोडायला माझ्या हातात काही नाही हो!"

वहिनी, तुमच्या हातात काही नाही, पण तुमच्या दुसऱ्या हातात माझं पत्र होतं ना?

भाषा आपली मोठी उदार. बोट म्हणजे हाताचं बोट आणि बोट म्हणजे पाण्यातली बोट. एक नपुंसकलिंगी, एक स्त्रीलिंगी. वाक्यात दुसरा एखादा शब्द असता, माझं बोट, माझी बोट, तर लगेच कळलं असतं. पण 'सोड' हे आज्ञार्थी क्रियापद, ते लिंगाला भीक घालत नाही. आजारपणाने दादाचे शब्द नेले ते नेले, नेमकी विशेषणं आणि सर्वनामं आधी नेली.

म्हणून वहिनी, एक करा. तो हे पुन्हा बोलला की फक्त एवढंच विचारा: ती बोट की ते बोट? शाळेत मास्तर विचारायचे तसं विचारा. उत्तर पाठांतराच्या कप्प्यात सापडेल.

हाताचं असलं तर माझी काही तक्रार नाही. व्यायाम दुखतोच.

तुझा
धाकटा


२१ मार्च

दादा,

वहिनींचा फोन आला. "भाऊजी, 'ती' म्हणाले! विचारल्याबरोबर. ती!"

मी ते तुझ्या भावजयीला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ती कणीक मळत होती. म्हणाली, "अरे वा. म्हणजे सोड म्हणाले तर सोडायची." मग हात थांबवून म्हणाली, "पण कोणत्या अर्थाने?"

बायकोने हे विचारायला नको होतं.

बोट पाण्यात सोड, की बोटीचा नाद सोड? तू स्वतः जाताना जशा सोडल्यास तशी सोड? वहिनींना पुन्हा फोन करून विचारायला लावलं. त्या म्हणाल्या, "विचारलं. डावा हात गादीवर आपटला." मी म्हटलं, पाण्याबद्दल विचारल्यावर, की नादाबद्दल विचारल्यावर? "भाऊजी, मी दोन्ही एका दमात विचारलं होतं."

क्लबातल्या दातवाल्या डॉक्टरांकडे गेलो. पंख्याच्या कडा धारेला आणायला त्यांचं बारीक ड्रिल लागतं. पंखा असा घासायचा की सळईवर ठेवला तर कोणतंच पातं जड होऊन खाली येऊ नये. ते घासत होते, मी तोल पाहत होतो, आणि तुझा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला.

ते म्हणाले, "घाला पाण्यात आणि मोकळे व्हा. माझ्याकडे माणूस तोंड उघडून बसतो, त्यालाही बोलता येत नाही. मी काय अर्थ लावत बसू?"

"पण तो तुमच्याशी भांडून गेलेला नसतो."

"बिल पाहिल्यावर भांडतो," ते म्हणाले. पण मग त्यांनी ड्रिल बंद केलं आणि पंखा माझ्या हातावर ठेवला. "मग त्यांच्या कानावर घालूनच सोडा," म्हणाले.

दादा, साच्याची परवानगी हे निमित्त आहे, हे तू पहिल्या पत्रातच ओळखलं असशील. साचे काय, मला नवे करता येतात. मला तू हवा आहेस, आणि ते सरळ लिहायला मला बोट लागली.

तर असं ठरवलं आहे. पुढच्या रविवारी सकाळी, वारा पडलेला असताना, तळ्यावर जाईन आणि फोन लावीन. वहिनी फोन तुझ्या कानाशी धरतील. मी विचारीन, सोडू का? तू हात आपटलास तर बोट उचलून घरी नेईन आणि पुन्हा तिला हात लावणार नाही. तुझ्या नकाराचाही मान राखीन, हे लक्षात ठेव. हात स्वस्थ राहिला तर सोडीन.

तुझा
धाकटा


३० मार्च, रविवार

दादा,

तू ऐकलंस, पण पाहिलं नाहीस, म्हणून लिहितो.

पाणी काचेसारखं होतं. दातवाले डॉक्टर फोन हातात धरून काठावर उकिडवे बसले. तुझी भावजय घडीची खुर्ची घेऊन आली होती, ती उघडायची राहूनच गेली. झाकणाच्या कडेने टेप लावला, बॅटरी जोडली. टि, टि, टीं. फोनमधून वहिनी म्हणाल्या, "ऐकू आलं." मी विचारलं, "दादा, सोडू का?"

थांबलो. शेवटी वहिनी म्हणाल्या, "हात मांडीवर आहे, भाऊजी. हलला नाही."

मी बोट पाण्यावर ठेवली आणि जराशी पुढे लोटली.

आधी सावकाश नेली, नाक वर करून, नव्या सुनेसारखी बिचकत. दूरच्या वळणावरून ती आपल्याकडे वळली तेव्हा रिमोटचा ट्रिगर पूर्ण ओढला. नाक खाली आलं आणि ती पाण्यातून निघून पाण्यावर आली. नुसती टेकलेली, तळहाताएवढीच. मागे पाण्याचा पिसारा उभा राहिला, तिच्यापेक्षा कितीतरी उंच, आणि तो खाली पडायच्या आत ती पुढे गेलेली असायची. आवाज नाही म्हणायचास ना? नवं कोरं कापड कुणीतरी ह्या काठापासून त्या काठापर्यंत एका दमात फाडत गेलं, तसा आवाज. डॉक्टरांनी फोन पाण्याकडे धरला होता, तो भिजला.

परतीच्या फेरीत ती स्वतःच्याच लाटेवर चढली आणि उडाली. पूर्ण हवेत. मी ट्रिगर सोडला, डोळे मिटले. तुझी भावजय ओरडली, "बसली, बसली!" उघडून पाहिलं तर बोट पोटावर बसून डुलत होती.

काठाला घेतली. डॉक्टर म्हणाले, "लाइन गेली की काय?" तेवढ्यात वहिनी, अगदी हळू, "थांबा. तोंड हलतंय."

आणि मग तू. तो आवाज मी ओळखला नसता. बारीक, चिरलेला, आमच्या वर्गाची भिंत ज्याला अडवू शकली नव्हती त्या आवाजाची नुसती सावली. एकच शब्द.

"परत."

डॉक्टर म्हणाले, "पुन्हा फिरवा म्हणतायत!" तुझी भावजय म्हणाली, "छे हो. परत यायचंय त्यांना. घरी." दोघं तिथेच भांडू लागली. वहिनी पलीकडून विचारत होत्या, "काय म्हणाले, काय म्हणाले?"

ह्या वेळी मी कोणता अर्थ म्हणून विचारलं नाही. बोट पाण्यात ठेवली, आणि बॅटरी संपेपर्यंत फिरवली, तुझ्या कानाशी.

मग घरी आलो. खालच्या खोल्यांचं कुलूप उघडत नव्हतं, तेल घातलं. खिडक्या उघडल्या. पुतणीला फोन करून तुझ्या खुर्चीची रुंदी विचारली आणि टेप घेऊन दारं मोजली. बाहेरचं दार पुरतं, आतल्या खोलीचंही पुरतं. उंबरा मात्र आडवा येतो. रविवार असल्याने लाकडाची वखार बंद होती, म्हणून माळ्यावरची जाड फळी उतरवली, एक टोक तासून उतरतं केलं आणि उंबऱ्याला टेकवून खिळे ठोकले. तुझी भावजय तिच्यावरून दोनदा चढली-उतरली. म्हणाली, हलत नाही.

तुझा
धाकटा